घरात पोपट आहे का

॥ श्री ॥
मूल, जि. चांदा, ता. २७ जानेवारी १९५७

तीर्थस्वरूप गुणवंतभाऊस धाकटी बहीण वच्छला हिचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र पोचलं. काय बाप्पा तुझी भाषा! ‘आपले पत्र प्राप्त होऊन मजकूर ध्यानी आला.’ हे हसून हसून म्हणाले का तुझ्या भावानं बहिणीले पत्र लिहिलं का साहेबाले डेपोचा अहवाल पाठवला. जंगल खात्यात कारकून झाला म्हणून माणूस एवढा बिघडते का? मी मात्र जशी बोलते तशीच लिहिते, चुका काढत बसू नको.

भागीचं सांगते. मुदतीचा ताप उतरून आता दीड महिना झाला, पण पोरीच्या अंगावर काही मांस धरत नाई. केस गेले, हाताच्या काड्या झाल्या. सहा वर्षांची पोरगी, पण उचलली तर चार वर्षांची वाटते. जेवाले बसवलं का दोन शितं चिवडते आणि तोंड फिरवते. सासूबाई दृष्ट काढून थकल्या. तिच्याआधीचे माझे दोन गेले, हे तुले काय सांगू. हिच्या तापात एकवीस दिवस मी तिच्या नाकासमोर हात धरून बसली होती. आता हिले काही झालं तर मी उभी राहणार नाई, हे तुले लिहून ठेवते.

तू तेव्हा पाहाले आला आणि तिले बोलणारा मिठ्ठू आणून देतो म्हणाला. तू विसरला असशील, ती नाई विसरली. टपालवाला दिसला का विचारते, मामाचा मिठ्ठू आला का? म्हणते मिठ्ठू जेवला का मी जेवीन. तर भाऊ, आता आणच. पण लहान पिल्लू पाहिजे, हातावर वाढलेलं. मोठा पकडलेला मिठ्ठू चावते आणि बोलत तर नाईच.

आणि एक. नीट पाहून घेजो. यांच्या गिरणीतल्या पत्रू हमालानं ब्रह्मपुरीच्या बाजारातून पिल्लू आणलं, चौथ्या दिवशी मेलं. त्याची पोरं दोन दिवस रडली. भागीच्या डोळ्यांपुढे तसं काही मले नको. आजारी पिल्लू आणशील तर त्यापेक्षा आणूच नको.

बाकी ठीक. धान चांगलं झालं, गिरणी दिवसरात्र चालून राह्यली. स्वतःच्या हातचं कच्चंपक्कं खाऊन पोट बिघडवू नको. जशी माया लावली तशीच राहू दे.

तुझी
वच्छला

॥ श्री ॥
मोहटोला डेपो, मार्फत धानोरा
ता. ८ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. माझ्या भाषेची थट्टा केलीस, करून घे. इथे दिवसभर सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालून माणूस दुसरे काय बोलणार?

चि. भागीरथेच्या पिल्लाची व्यवस्था झाली. डेपोपासून कोसभर आत एक पाडा आहे. तिथे सोमारी नावाची बाई आहे, तिला एक लहान मुलगी. ती दरवर्षी सालईच्या झाडाच्या ढोलीतून पोपटाची पिल्ले काढते आणि स्वतःच्या तोंडाने वाढवते. म्हणजे भात चावून मऊ करायचा आणि पिल्लाची चोच आपल्या ओठांत घ्यायची. पिल्लू आई समजून खाते. अशी पिल्ले माणसाला सोडून जात नाहीत आणि लवकर बोलतात, अशी तिकडे समजूत आहे. तिचा नियम असा की पिल्लू स्वतः दाणा फोडू लागेपर्यंत एकाच माणसाने भरवायचे. तेव्हा तुझ्याकडेही कोणीतरी एकानेच भरवावे.

तू नीट पाहून घे म्हणालीस, म्हणून आमच्या जंगू नाकेदाराला विचारले. त्याची हयात जंगलात गेली. तो म्हणाला, नाकपुड्या कोरड्या पाहाव्या, डोळे स्वच्छ पाहावे. शेपटीखालची पिसे बरबटलेली नसावी. छातीचे हाड बोटाला सुरीसारखे लागले तर पिल्लू उपाशी समजावे. रात्री भरवल्यावर गळ्याखालची पिशवी सकाळपर्यंत रिकामी झाली पाहिजे, नाहीतर अन्न आत आंबते. आणि श्वास घेताना शेपूट खालीवर होत असेल तर हातही लावू नये. हे सर्व ध्यानात ठेवूनच पिल्लू घेतले आहे. थोडे झोपाळू आहे, पण लहान जीव झोपायचेच.

आता महत्त्वाचे. आमचे नवे रेंजर साहेब फार कडक आहेत. खात्याच्या माणसाने जंगलातली पिल्ले, मध, काही घेतल्यास खैर नाही. मागच्या पावसाळ्यात एका नाकेदाराला मोराच्या अंड्यांवरून घरी बसवले. आणि तुमच्या मूलला जे नवे डॉक्टर आले आहेत ते साहेबांचे साडू. तेव्हा पिल्लाची वाच्यता नको. कोणीही विचारले तरी घरात पोपट नाही असेच सांगावे. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, हसण्यावारी नेऊ नको.

जंगू पुतणीच्या लग्नाला मूलकडे येत आहे, त्याच्याबरोबर टोपलीत पाठवतो. चि. भागीला म्हणावे, आता मिठ्ठूबरोबर भरपूर जेव. आमचे मेहुणे दादाजी यांस नमस्कार, त्यांच्या मातोश्रींस दंडवत. आमची आठवण धरून असावे.

तुझा
गुणवंत

॥ श्री ॥
मूल, ता. २० फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप भाऊस वच्छलेचा शि. सा. न. वि. वि.

मिठ्ठू पोचला. जंगूनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि भागी जी हसली! दिवाळीपासून हे घर तिचं हसणं विसरलं होतं. कोपऱ्यात जाऊन मी रडून घेतलं, खोटं कायले सांगू. भाऊ, तुझे उपकार मी या जन्मी फेडत नाई.

आणि पोरगी जेवून राह्यली! एक घास मिठ्ठूले, एक तिले. परवा अख्खी वाटी वरणभात खाल्ला. सासूबाईंनी गुळाचा खडा देवापुढे ठेवला. हे तर गिरणीतून दोनदा घरी येऊन पाहून जातात, आणि वरून म्हणतात का धोतराले भुसा लागला होता, झटकाले आलो.

तू एकानंच भरवावं म्हणाला, म्हणून मीच भरवत होती. पहिल्या दिवशी मले किळस आली, मंग सवय झाली. पण एक दिवस पाहते तर भागी त्याले ओठांत भात धरून देऊन राह्यली. मी ओरडली. तर तिनं ताटच सरकवलं. म्हणे मले भरवू नाई देशील तर मी नाई खाणार. आता तूच सांग, अशा वेळी आईनं काय करावं? मी भाताची वाटी तिच्यापुढे ठेवली. तेव्हापासून तिची तीच भरवते, रात्री पदराच्या फडक्यात गुंडाळून गळ्याशी घेऊन झोपते.

पण भाऊ, पिल्लाचं मले नीट दिसत नाई. दिवसभर अंग फुगवून बसते. घाण करते ती हिरवी, पानी पानी. उजव्या डोळ्याले चिकट येते, मी ओल्या फडक्यानं पुसते. आणि तू लिहिलं होतं ते शेपटीचं, ते मी कंदील जवळ नेऊन पाह्यलं. शेपूट हलते. थोडीच, पण हलते. तू घेतलं तेव्हा हलत नव्हती ना? प्रवासानं झालं असेल का? त्या सोमारीले विचारून लवकर लिहिजो. तिले माहीत असेल.

कोणाले काही सांगितलं नाई. शेजारची आली का टोपली गोवऱ्यांच्या मागे ठेवते. तुझी नोकरी सांभाळून आहो.

मन लागलं आहे तुझ्या पत्राकडे. भागीचा मामाले गोड पापा.

तुझी
वच्छला

॥ श्री ॥
मोहटोला डेपो
ता. २७ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. वच्छलेस आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. चि. भागी जेवते हे वाचून समाधान वाटले. पिल्लाची फार काळजी करू नये. वैनगंगा डोंग्याने ओलांडून, बसच्या धुळीतून गेले, शीण येणारच. ऊब द्यावी, हळदीचे कोमट पाणी कापसाने चोचीला लावावे.

सोमारी सध्या माहेरी गेली आहे, त्यामुळे विचारता आले नाही. आल्यावर विचारीन.

इकडे निवडणुकीच्या पेट्यांची व्यवस्था आणि तोंडावर आलेला लाकडांचा लिलाव, डोके वर काढायला सवड नाही. साहेबांनी परवा सर्वांना पुन्हा ताकीद दिली. तेव्हा आधी लिहिलेले पाळावे. घाईत आहे. सर्वांस यथायोग्य सांगावे आणि माझ्याविषयी मनात किंतु नसावा.

गुणवंत

॥ श्री ॥
मूल, ता. ६ मार्च १९५७

तीर्थस्वरूप भाऊस शि. सा. न. वि. वि.

मिठ्ठू गेला. तुझं पत्र पोचलं त्याच दिवशी. सकाळी भागीच्या उशाशी ताठ होऊन पडला होता. यांनी मागच्या लिंबाखाली पुरला. भागीले सांगितलं का मामाकडे जंगलात उडून गेला. तिनं ऐकलं, पण रडली नाई. रडाले तिच्यात त्राणच नव्हतं. आदल्या रात्रीपासून तिचं अंग तापलं होतं.

आज पाचवा दिवस. ताप एकशेचारच्या खाली येत नाई. डोकं दुखते म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरते. कोरडा खोकला, श्वास घेतला का बरगड्या मोजून घ्याव्या. आम्हाले वाटलं तोच मुदतीचा ताप उलटला. कालपासून बडबडते.

काल यांनी त्या नव्या डॉक्टरले आणलं. तरुण आहे, नागपूरले शिकला, पण चांगला माणूस वाटला. छाती ठोकून पाह्यली, नळी लावली, जीभ पाह्यली. मंग उभ्या उभ्या विचारलं का घरात पोपट, कबुतर, असा काही पक्षी आहे का? सासूबाईंनी माझ्याकडे पाह्यलं. यांनी खाली पाह्यलं. मी म्हटलं नाई. तो खाटेजवळ थांबला, भागीच्या फडक्याकडे पाहून पुन्हा विचारलं का मागच्या महिनाभरात तरी होता का? मी म्हटलं नाई जी, आमच्या घरी कधीच नव्हता. मंग त्यानं पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं आणि रोज द्या म्हणाला. चार झाली तरी उतार पडला नाई तर पाहू म्हणे.

भाऊ, त्यानं पोपटाचं काऊन विचारलं? मिठ्ठूचं आणि तापाचं काही आहे का? तुले माहीत असेल तर लिही. रात्रभर माझ्या डोक्यात तेच फिरून राह्यलं. हे म्हणतात का सांगून टाकू. सासूबाई म्हणतात का डॉक्टर साहेबाचा साडू, गुणवंताचं पोट जाईल, आणि पोपटानं कधी कोणाले ताप येते का? मी मधात अडकली. तू हो म्हण, मी पळत जाऊन त्याच्या पायावर डोकं ठेवून सांगते. तू नको म्हणशील तर तसं लिही. पण लवकर लिही रे. पत्र वाचल्या पावली लिही.

तुझी
वच्छला

मोहटोला, ता. ११ मार्च १९५७
सोमवार

वच्छले,

सांग. आत्ताच्या आत्ता सांग. हे पत्र हातात पडलं का चप्पल घालाले थांबू नको. डॉक्टरले म्हण पोपट होता, आजारी होता, पोरीनं तोंडानं भरवला. कुठून आला ते सांग, कोणी दिला ते सांग, माझं नाव सांग. नोकरी जळो माझी.

मी तुले खोटं लिहिलं. सोमारी माहेरी गेली नव्हती. ती घरातच पडून होती, तापानं, छाती भरून. काल मेली. गावचा पुजारी आला, जडीबुटी झाली, काही लागू पडलं नाई. जंगू सांगून राह्यला का तिलेही कोरडा खोकला होता, तू भागीचं लिहिलं तशीच डोकं धरून बसत होती.

आता सगळंच सांगतो. तिच्याकडे चार पिल्लं होती. मी गेलो त्याच्या दोन दिवस आधी त्यातलं एक मेलं होतं. दोन बरी होती, पण ती म्हणे अजून डोळे उघडले नाई, यांना हलवता येत नाई. उरलं ते एक, पिसं फुटलेलं. ते ती देत नव्हती. हात जोडून म्हणाली का साहेब, हे चांगलं नाई, शेपूट हलवते, मोहाची फुलं पडेपर्यंत थांबा, मी त्या दोनातलं चांगलं वाढवून देते. पण जंगू दुसऱ्या दिवशी मूलले निघणार होता. मले वाटलं पुन्हा तिकडे जाणारा कोण सापडते. मी म्हटलं, तू सरकारी जंगलातून पिल्लं काढतेस, मी कागदावर लिहू का? मंग तिनं पिल्लू माझ्या हातात ठेवलं. जंगूनं सांगितलेलं सगळं मी तुले लिहिलं, पण पिल्लू पाहताना त्यातलं काही मी पाह्यलं नाई. म्हणजे पाह्यलं, दिसलं, तरी घेतलं.

उरलेली दोन पिल्लं आता तिची पोरगी लच्छू भरवते. आईसारखीच.

हे पत्र लाकडाच्या ट्रकवाल्याजवळ देतो, तो उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात देईल. मीही येणार होतो, पण परवा लिलाव आहे आणि साहेब रजा देत नाहीत. लिलाव झाला का तसाच निघतो.

पोरीले वाचव माय.

गुणवंत

मूल, ता. १३ मार्च १९५७

रा. गुणवंतराव यांस दादाजीचा नमस्कार.

कळवण्यास दुःख होते की चि. भागीरथा काल मंगळवारी सकाळी सूर्योदयाच्या सुमारास आम्हांस सोडून गेली. दुपारी माती दिली. आपले पत्र ट्रकवाल्याने संध्याकाळी आणून दिले. वच्छलेने ते तीनदा वाचले आणि घडी घालून ठेवले.

तिची प्रकृती बरी आहे. आपण येण्याची घाई करू नये.

दादाजी

मूल, ता. १६ मार्च १९५७

भाऊस वच्छलेचा नमस्कार.

तुझं काल आलेलं कार्डही वाचलं. लिलाव आटोपला, आता येतो आणि तुझे पाय धरतो, राजीनामा लिहून ठेवला, असं तू लिहिलं. पाय धरू नको. राजीनामाही नको. नोकरी जळो म्हणून लिहिलं आणि खालच्या ओळीत साहेब रजा देत नाही म्हणून लिहिलं, ते माझ्या ध्यानात राह्यलं. तुले लागेल म्हणून मी हे झाकून ठेवणार नाई.

मी काल डॉक्टरकडे गेली. एकटीच गेली, यांना सांगितलं नाई. सगळं सांगितलं. त्यानं मले बसाले पाट दिला. म्हणाला का पोपटापासून माणसाले लागते असा ताप असते, पिल्लाच्या घाणीतून, तोंडातून लागते. त्याच्यावर पेनिसिलीन चालत नाई. दुसरं औषध लागते, कॅप्सुला असतात, आणि त्या त्याच्या कपाटात होत्या. माझ्या घरापासून चौथ्या गल्लीत. हो म्हटलं असतं तर वाचलीच असती, असं तो म्हणाला नाई. म्हणाला, मी दिल्या असत्या. मी विचारलं का चार इंजेक्शनं होऊनही ताप उतरला नव्हता, मंग तुम्ही न विचारताच काऊन दिल्या नाई? मंग म्हणाला, दोनदा विचारलं होतं बाई.

हो, दोनदा. पहिल्यांदा मी नाई म्हटलं ते तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा म्हटलं ते माझ्यासाठी, आधीचं खोटं उघडं पडू नये म्हणून. तेव्हा तुझी नोकरी माझ्या मनातसुद्धा नव्हती. सगळा भार तू एकट्यानं उचलून रडत बसू नको, अर्धा माझा आहे. तो मी कोणाले देणार नाई.

अजून एक सांगते. डॉक्टरच्या पडवीत पिंजरा आहे. आत मोठा पहाडी मिठ्ठू, लाल खांद्याचा. मी त्याच्याकडे पाहत राह्यली तेव्हा डॉक्टरची बायको म्हणाली का आमच्या ताईच्या यजमानांनी पाठवला, तिकडच्या जंगलातला, पिल्लू होता तेव्हापासून आहे. भाऊ, हे तुझे रेंजर साहेब. तो पक्षी घरात आणला तेव्हाच डॉक्टरनं पुस्तक काढून त्याचे रोग वाचले होते, म्हणून त्यानं विचारलं. मी तुझं नाव घेतलं तर तो म्हणाला, पोपटासाठी कोण कोणाची नोकरी घेते?

घरचं विचारू नको. सासूबाई माझ्याशी बोलत नाई, मी त्यांच्याशी बोलत नाई. यांनी आज टोपली जाळली. मले थोडा खोकला आहे. मीही भरवलं होतं ना. डॉक्टरनं मले आठ दिवसांच्या कॅप्सुला दिल्या आणि घ्याच म्हणून बजावलं.

आता नीट वाच. कॅप्सुला घेऊन मी उठली आणि मले तुझ्या पत्रातली ती पोरगी आठवली, लच्छू. मी डॉक्टरले तिचं सांगितलं. त्यानं अजून एक पुडी बांधली, तिच्या वयाच्या हिशेबानं. किती, केव्हा, काय खाऊन घ्यायच्या, ते वेगळ्या कागदावर लिहून दिलं. पैसे घेतले नाई. ती पुडी या पत्रासोबत ट्रकवाल्याजवळ देऊन राह्यली. पिल्लांना तिनं हात लावू नये, घरातली घाण राख टाकून ओल्यानं पुसावी, असं सांगितलं आहे. तिले आधीच ताप असेल तर पाठीवर घेऊन धानोऱ्याच्या दवाखान्यात ने.

साहेब म्हणून तिच्या दारात उभा राहू नको. तिच्या आईनं तुले नको म्हणून सांगितलं होतं, ते तिथल्या माणसांसमोर आपल्या तोंडानं कबूल कर, मंग पुडी दे. नाईतर तुझ्या हातचं औषध ते काऊन घेतील?

रजा मागत बसू नको. मले उत्तरही लिहू नको. आधी जा. ती पोरगी जिवंत आहे का नाई, तेवढंच एका ओळीत कळव. त्यानंतर तू माझा भाऊ आहेस का ते मी पाहीन.

वच्छला